निम्म्याचा नियम

दुकान चालू ठेवावं की बंद करावं, हे आबांनी एकेचाळीस हजार अनोळखी लोकांना विचारलं. मी तेव्हा त्यांच्यापासून दोन हातांवर, स्टुलावर बसलो होतो.

मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले होते. तैवानमधल्या आमच्या कीलुंगमध्ये पाऊस पडत होता, पण ते सांगण्यात अर्थ नाही. आमच्याकडे पाऊस पडणं ही बातमी नसते. थांबला तर लोक एकमेकांना फोन करून विचारतात, तुमच्याकडेही थांबलाय का. अशा गावात आबांचं दुकान. पाटीवर ‘चिन-फा विद्युत दुरुस्ती’. पंखे, भाताचे कुकर आणि मुख्य म्हणजे हवा कोरडी करायची यंत्रं. ही यंत्रं आमच्याकडे घरटी दोन असतात. नसली तर कपड्यांना, पुस्तकांना आणि फार वेळ बसलेल्या पाहुण्यांना बुरशी येते.

आबा चष्मा कपाळावर चढवून फोनवर बोटानं एकेक अक्षर गिरवत होते. मला वाटलं, नातेवाइकांना ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं कमळ पाठवतायत. दुपारी तीनला पाठवतात ते. तेवढ्यात माझा फोन वाजला. ‘घरगुती उपकरणं’ या फळ्यावर नवा प्रश्न आला होता.

हा फळा इंटरनेटवर आहे, एकेचाळीस हजार सभासदांचा. ज्याला आपल्या फ्रीजमधून आवाज ऐकू येतो तो तिथे लिहितो, आणि ज्यानं तो आवाज कधी ऐकलेला नाही तो उत्तर देतो. उत्तर पटलं तर लोक ‘ढकल’ देतात, नाही पटलं तर ‘हुर्यो’. प्रश्न मात्र ठरलेल्या नमुन्यातच विचारावा लागतो. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी फळ्यावर लक्ष ठेवणारा फळामास्तर प्रश्न पुसून टाकतो. आबांनी सैन्यात दोन वर्षं काढलीत. नमुना भरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

वस्तू: दुकान.
किती वर्षं वापरात: चौतीस.
लक्षणं: गिऱ्हाईक येत नाही. आलं तर चहा पिऊन जातं.
आधी काय करून पाहिलं: ट्यूब बदलली. पाटी पुसली. हिरवं पाकीट बदललं.
अपेक्षा: अजून चालेल की बदलावं, ते जाणकारांनी सांगावं.

हिरवं पाकीट म्हणजे मक्याच्या कुरकुऱ्यांचं. ते यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, सगळीकडे ठेवतात. पाकीट हिरवंच लागतं, पिवळं चालत नाही, आणि मुदत संपलेलं तर मुळीच नाही. यात हसण्यासारखं काही नाही. आबा आमचं पाकीट मुदतीच्या आठवडाभर आधी बदलतात आणि जुनं मला खायला देतात. मी एवढा मोठा झालो तो बराचसा त्यावरच.

प्रश्नाखाली आबांनी आपलं नाव लिहिलं होतं: चिनफा१९६१. टोपणनावात टोपण काहीतरी असावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते खातं मीच उघडून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. फोटो कसा पाठवायचा, हे त्यांनी एका दिवसात तीनदा विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, “आबा, मला काय विचारता? तिथे विचारा. तिथे जाणकार लोक असतात.”

तर ते तिथे विचारत होते.

आणि तिथला सगळ्यात मोठा जाणकार मी होतो.

ही बढाई नाही, नोंद आहे. फळ्यावर माझं नाव ‘कोरडा माणूस’. सहा वर्षांत मी तीन हजारांवर उत्तरं दिली. चांगलं उत्तर देणाऱ्याला आमच्याकडे सरळ ‘देव’ म्हणतात. सकाळी उठून फोन उघडला की कुणीतरी लिहिलेलं असायचं, ‘देवा, माझा कुकर खालून ओला होतो.’ मी देव असताना आमच्याच दुकानात स्टुलावर बसलेला असायचो, आणि आबा म्हणायचे, “आ-त्से, पाय उचल, झाडायचंय.”

माझं ज्ञान कुठून आलं, तेही सांगतो. आबा गिऱ्हाइकाशी बोलायचे, मी ऐकायचो, मग तेच लिहायचो. पंखा घुमतोय पण फिरत नाही तर काय, यंत्रातलं पाणी टाकीत न पडता जमिनीवर का पडतं, सगळं त्यांचंच. माझ्या कानात इयरफोन असायचे. त्यात काही वाजत नसे. तेवढं एक आबांना माहीत नव्हतं.

तीन हजार उत्तरांतलं माझं स्वतःचं असं एकच. फळ्याच्या माथ्यावर ‘सार’ म्हणून कायमचं चिकटवलंय ते:

‘दुरुस्तीला नव्या वस्तूच्या निम्म्याहून जास्त लागत असेल, तर दुरुस्ती नको. नवीन घ्या. जुन्यात जीव अडकवू नका.’

हा निम्म्याचा नियम. याला चौदाशे ढकली. तो मी दहा मिनिटांत लिहिला होता, रागात. त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं होतं, “मुलगा शिकतोय ना तुमचं काम?” आणि आबा माझ्याकडे न बघता म्हणाले होते, “हा? याच्या हातात स्क्रूड्रायव्हर बसत नाही.” मला तेव्हा म्हणायचं होतं की, बसेल, दिला तर बसेल. त्याऐवजी मी निम्म्याचा नियम लिहिला.

दोन महिन्यांनी एका सकाळी दुकानात आलो तर तो भिंतीवर होता. ठळक अक्षरांत छापलेला, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेला, खाली लिहिलेलं: कोरडा माणूस सर.

“कोण हे?” मी विचारलं.

“फार मोठा माणूस आहे,” आबा म्हणाले. “साठीच्या पुढचा असणार. बोलण्यावरून कळतं. मी जे चौतीस वर्षं सांगतोय तेच सांगतो, फक्त हे निम्म्याचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गिऱ्हाइकाला खरं सांगायला पाहिजे.”

तेव्हाच सांगायला हवं होतं, पण समोर गिऱ्हाईक होतं. ते गेल्यावर जेवायची वेळ झाली.

त्यानंतर आबा खरं सांगू लागले. शेजारच्या गाड्यावर माशाचे वडे तळणारी आ-ग्योक मावशी एकदा कुकर घेऊन आली. आबांनी तो उघडला, नाकाजवळ नेऊन वास घेतला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, “निम्म्याच्या वर जातंय. नवीन घे.”

“अहो, एवढासा तर खटका आहे!” मावशी म्हणाली. “गेल्या वर्षी तुम्हीच चहा पिता पिता बसवला होता.”

“गेल्या वर्षी मला नियम माहीत नव्हता.”

“कसला नियम? कुणी केला?”

आबांनी आदरानं भिंतीकडे बोट दाखवलं. मावशीनं वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि तू रे? अंडं उबवतोयस का स्टुलावर बसून? बापाला अक्कल शिकव जरा.”

मी कानातला न वाजणारा इयरफोन आणखी आत ढकलला.

मावशीनं स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून नवा कुकर घेतला. तिच्यामागून पुष्कळ लोक तिकडे गेले. आबा प्रत्येकाला पत्ता नीट समजावून द्यायचे, पाऊस जोरात असला तर छत्रीही द्यायचे. छत्र्याही परत आल्या नाहीत.

म्हणजे दुकान कुणी मारलं, हे मला मंगळवारी दुपारी तीन वाजता ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की मला ते दुकान हवंय. ही गोष्ट मी कुणालाच कधी सांगितली नव्हती. अठ्ठाविसाव्या वर्षी बापाच्या दुकानात स्टुलावर बसणाऱ्या पोराला सगळे विचारतात, पुढे काय. मला पुढे काही नको होतं. मला तो बाक हवा होता, आबा बसायचे तो.

प्रश्नाखाली उत्तरं येऊ लागली. पहिल्यानं लिहिलं, ‘निम्म्याचा नियम वाचा.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘निम्म्याचा नियम वाचा.’ तिसऱ्यानं लिहिलं, ‘वरच्या दोघांशी सहमत.’ चौथा म्हणाला, ‘काका, आमच्या गल्लीत अशी जुनी दुकानं होती, आता सगळीकडे पंजाची यंत्रं लागलीत. भाडं चांगलं येतं. जीव अडकवू नका.’ त्याला एकोणचाळीस ढकली.

मी देवाच्या खात्यातून लिहिलं: ‘दुकान हे उपकरण नाही. माझा नियम दुकानाला लागू होत नाही. बंद करू नका.’

दोन हातांवरून आबांचा “अरे!” ऐकू आला. “आ-त्से, बघ! कोरडा माणूस सरांनी उत्तर दिलं! मला!”

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“बंद करू नका म्हणतात.” ते पुन्हा वाचत होते. “पण असं कसं म्हणतील?”

फळ्यालाही तेच वाटलं. ‘देव आज थट्टेच्या मूडमध्ये आहेत.’ ‘देव परीक्षा घेतायत, फसू नका काका.’ ‘नियमात कुठे लिहिलंय दुकानाला लागू नाही म्हणून? देवानंच लिहिलेला नियम देव कसा मोडेल?’ मग आबांनी स्वतः लिहिलं, बोटानं गिरवत, अकरा मिनिटं: ‘सर, आपला विनोद समजला. आपला नियम मी भिंतीवर लावला आहे. आपले उपकार विसरणार नाही.’

बुधवारी मी दुसरं खातं उघडलं, ‘साधा ग्राहक’ नावाचं. त्या नावानं लांबलचक लिहिलं की कोरडा माणूस हा भंपक इसम आहे, त्यानं आयुष्यात एक फ्यूजसुद्धा बदललेला नाही, त्याच्या नियमानं बरीच चांगली माणसं बुडाली. हे फळ्यावरचं माझं दुसरं स्वतःचं लिखाण, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तासाभरात दोनशे हुर्यो. ‘देवाशी वाद घालणारा तू कोण?’ ‘तुझे पंखे किती दुरुस्त झालेत ते दाखव आधी.’ एकानं मीच देव म्हणून लिहिलेली सहा जुनी उत्तरं शोधून काढून मला सुनावलं की बघ, माणूस कसा बोलतो, शीक काहीतरी. फळामास्तरानं ‘ज्येष्ठांचा अपमान’ या कारणानं साध्या ग्राहकाला कायमचं हाकललं.

दुपारी आबा म्हणाले, “कुणीतरी हलकट सरांना नाही नाही ते बोलला. मी पहिली हुर्यो दिली.”

“बरं केलंत,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी खो साहेब दुकान बघून गेले. पंजाची यंत्रं लावणारे. म्हणजे काचेची पेटी, आत खेळणी, वर लोखंडी पंजा. नाणं टाकायचं, दांडा हलवायचा, पंजा खाली येतो, वस्तू पकडतो आणि सोडून देतो. आमच्या गल्लीतल्या सात दुकानांपैकी तीन खो साहेबांकडे होती. त्यांनी फीत धरून जमीन मोजली. “अकरा बसतील,” ते म्हणाले. “या मुलाचं स्टूल हललं तर बारा.”

“हलेल,” आबा म्हणाले.

करार शुक्रवारी सकाळी करायचा ठरला.

गुरुवारी मी खरं लिहिलं. उपाय संपल्यावर माणूस तेच करतो. देवाच्या खात्यातून, फळ्यावर, सगळ्यांसमोर: ‘चिनफा१९६१ हे माझे वडील आहेत. मी त्यांचा मुलगा. मी त्यांच्याच दुकानात बसतो. मला जे येतं ते सगळं त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. फक्त निम्म्याचा नियम माझा, आणि तो चूक आहे. आबा, करार करू नका. दुकान मला हवंय.’

‘पाठवा’ दाबलं आणि मी आबांकडे बघत बसलो. ते पंखा पुसत होते. फोन वाजला. चष्मा खाली आला. वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी फक्त एकदा पाहिला होता, ताईच्या लग्नात. मला वाटलं, झालं.

ते उठले, बाकाखालचा खण उघडला आणि पोलिसांनी वाटलेलं पत्रक काढलं. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत होतं: ‘मी तुमचा मुलगा बोलतोय’ असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे हे पत्रक प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी आहे. ठगांची ही सगळ्यात जुनी तऱ्हा. अनोळखी माणूस फोन करून रडत सांगतो, आबा, मी आहे, अडकलोय. दोन वर्षांपूर्वी आ-ग्योक मावशीकडेही असा एक मुलगा रडला होता. तिला मुलगा नाही, तरी तिनं पैसे पाठवले.

“आ-त्से,” आबा दबक्या आवाजात म्हणाले, “सरांचं खातं चोरलं कुणीतरी.”

“आबा...”

“थांब. घाई करायची नाही. यात लिहिलंय, आधी शांत राहा.” त्यांनी पत्रकावरचा क्रमांक लावून तक्रार नोंदवली, फळामास्तरालाही कळवलं आणि वर फळ्यावर सगळ्यांसाठी लिहिलं: ‘सावधान. मुलगा म्हणवतो. दुकान मागतो. माझा मुलगा इथे समोर बसला आहे, तो असं कधी बोलत नाही.’

त्याला सहाशे ढकली.

फळामास्तरानं ताबडतोब कोरड्या माणसाचं खातं गोठवलं. कारण म्हणून लिहिलं, ‘देव असं बोलत नाहीत.’ खाली लोकांनी फुलांची चित्रं ठेवली. एकानं तर मेणबत्ती ठेवली. माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं, आणि मला त्याला उत्तरही देता येत नव्हतं.

उरलं तोंड. ते मी वापरून पाहिलं.

“आबा, तो मी आहे.”

“कोण?”

“कोरडा माणूस. मीच लिहितो ते सगळं.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हसले. चेष्टेनं नाही, लहान मूल ‘मी राजा आहे’ म्हणालं की हसतात तसं. “बरं? मग सांग, हा पंखा घुमतोय पण फिरत नाही. का?”

“कपॅसिटर गेलाय. पण त्याआधी पातं हातानं फिरवून बघायचं. जड फिरलं तर तेल सुकलंय, उगाच कपॅसिटर बदलू नये.”

“शाबास!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे वाचतोस तर सरांचं! शब्द न् शब्द तोच. मी म्हणत होतो, हा पोरगा दिवसभर फोनमध्ये बघतो तरी काय.”

“वाचून नाही. तुमच्याकडून ऐकून. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात तेव्हा.”

“तू? तुझ्या कानात ती बोंडं असतात.”

“त्यात काही वाजत नसतं.”

“मग घालतोस कशाला?”

याला उत्तर होतं. ते असं की, ऐकतोय हे कळलं तर तुम्ही शिकवाल, आणि शिकवायला लागलात की मला जमणार नाही, आणि जमलं नाही की तुम्ही परत ते स्क्रूड्रायव्हरचं वाक्य बोलाल. हे मी फळ्यावर चार ओळींत नीट लिहिलं असतं. तोंडानं म्हणालो, “असंच.”

मी फोनवर खातं उघडून दाखवायला गेलो. करड्या पानावर एकच ओळ आली: ‘हे खातं चोरीच्या संशयावरून बंद आहे.’

“बघ,” आबा म्हणाले, “तुलाही दिसलं ना? बिचारे सर.”

“आबा, दुकान बंद करू नका.”

आता ते हसले नाहीत. चष्मा काढून हातात धरला. “का?”

एवढाच प्रश्न होता, नमुनाही नव्हता भरायचा. पावसाचं पाणी पत्र्यावरून पन्हाळीत पडत होतं, मावशीच्या कढईचा आवाज येत होता. आबा थांबले होते, आणि ते कुणासाठी फार थांबत नाहीत. मला फक्त ‘मला हवंय’ म्हणायचं होतं. पण आत्ताच एका ठगानं तेच वाक्य लिहिलं होतं, त्याला पोलिसांकडे दिलं होतं, आणि आता मी ते उचलून बोललो असतो तर ते चोरीचंच वाटलं असतं, मलासुद्धा.

“असंच,” मी म्हणालो.

“असंच म्हणून कुणी दुकान ठेवतं का?” आबांनी चष्मा पुसला. “तुझ्यासाठी ठेवलं असतं. पण तुझं मन नाही त्यात. मला कळतं ते. जाऊ दे.”

शुक्रवारी करार झाला.

आई गेली चार वर्षं ताईकडे ताय-चुंगला असते. तिथे ऊन असतं. आबांनी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं,” आणि मग बराच वेळ ताईच्या मुलाच्या दातांबद्दल बोलत राहिली.

अवजारांचं काय करायचं, असा प्रश्न आला. खो साहेब म्हणाले, “टाकू नका हो. तरुण मुलांना जुन्या वस्तू आवडतात. बक्षीस म्हणून ठेवतो.” सातव्या पेटीत त्यांनी आबांची अवजारं मांडली: दोन पकडी, सोल्डरिंगची जुनी काडी, आणि आबांचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. मूठ अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली. शेजारी बाहुल्या. प्रत्येक पेटीवर हिरवं पाकीट. ते आबांनी स्वतः ठेवलं, मुदती तपासून.

मी खो साहेबांकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.

“तसा कसा देऊ?” ते म्हणाले. “उद्या सगळेच मागतील. नाणं टाक की.”

तेव्हापासून मी नाणं टाकतो.

पेटीवर लिहिलंय की न थांबता ठरावीक वेळा खेळलं, तर पंजा घट्ट होतो आणि वस्तू नक्की मिळते. फक्त मधे वीज जाता कामा नये, गेली की मोजणी पुन्हा शून्यापासून. दुकानातला मुख्य फ्यूज चौतीस वर्षांचा आहे. अकरा यंत्रं त्याला झेपत नाहीत, तो दुपारी केव्हातरी उडतो. पूर्वी आबा त्याला तळहातानं एक चापट मारायचे आणि तो आठवडाभर चालायचा. खो साहेबांनी त्यांना विचारलं, दुरुस्त कराल का. आबांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, “निम्म्याच्या वर जातंय. नवीन घ्या.” खो साहेब नवीन घेत नाहीत.

काल दुपारी मी बऱ्याच पुढे गेलो होतो. पंजा दोनदा मुठीवर नीट बसला होता. आबा दाराशी माझ्या स्टुलावर बसले होते. ते आता तिथे बसतात. खो साहेबांना बारावं यंत्र मिळालं नाही.

“डावीकडून घे,” आबा म्हणाले. “मूठ जड आहे. टोकाकडून धरलास तर घसरणार.”

“हं.”

“आणि हात घट्ट नको. दांड्याला कळतं.”

मी डावीकडून घेतलं. हात सैल ठेवला. फोन वाजला म्हणून खिशातून काढून पाहिला. फळ्यावर नवा प्रश्न होता.

वस्तू: मुलगा.
किती वर्षं वापरात: अठ्ठावीस.
लक्षणं: रोज काचेच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढायचा प्रयत्न करतो. का, ते सांगत नाही.
आधी काय करून पाहिलं:
अपेक्षा: जाणकारांनी सांगावं. कोरडा माणूस सर परत आले असल्यास त्यांनी सांगावं.

मी वळून बघितलं. आबांचा चष्मा कपाळावर होता आणि ते फोनकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. मला उत्तर लिहायचं होतं. देवाचं खातं गोठलेलं होतं, साध्या ग्राहकाला हाकललेलं होतं, आणि साध्या ग्राहकानंतर नियमच झालाय की नवं खातं उघडलं तर पहिले सात दिवस नुसतं वाचता येतं. खाली पहिलं उत्तर आलं, ‘निम्म्याचा नियम वाचा.’ त्याला ढकल मिळाली. दुसरं यायच्या आत फळामास्तर आला. चौथा रकाना रिकामा होता. त्यानं प्रश्न पुसला.

आबांनी फोन खिशात ठेवला.

पंजा खाली गेला, मुठीवर बसला, तिला धरून वर आला. खोलगट जागा मला काचेतून स्वच्छ दिसली. माझा अंगठा त्यात बसला असता असं वाटलं, पण ते काचेमुळेही असेल. मग फ्यूज उडाला. अकराही पेट्या एकदम गप्प झाल्या. पंजा स्क्रूड्रायव्हर धरून तसाच लटकत राहिला, ना वर ना खाली.

“वीज आली की सोडेल तो,” आबा म्हणाले.

“हो.”

“चापट मारू का एक?”

“नको,” मी म्हणालो. “निम्म्याच्या वर जातंय.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.